पाळी गेल्यानंतरची तीस वर्षे

आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात, मिरची आणि वांग्यांच्या ढिगांच्या पलीकडे, गेल्या दिवाळीपासून एक चारचाकी उभी राहते. तिच्या टपावरचा भोंगा सांगत असतो की पाळीच्या तक्रारी, सांधेदुखी, अशक्तपणा, वाढलेले वजन आणि चिडचिड या सगळ्यांचे मूळ बिघडलेल्या हार्मोनमध्ये आहे आणि ते ताळ्यावर आणणारे चूर्ण गाडीत तयार आहे. एका महिन्याच्या डब्याची किंमत बाराशे रुपये, म्हणजे निंदणाला जाणाऱ्या बाईची जवळजवळ पाच दिवसांची मजुरी. तरीही डबे विकले जातात. ते विकत घेणाऱ्या बायकांना भोळ्या म्हणून हसण्याचे धाडस मला होत नाही, कारण त्यांची तक्रार खरी आहे आणि ती ऐकून घेणारे त्या बाजारात दुसरे कोणी नाही.

मी डॉक्टर नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षे शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे, आणि गावातल्या बायका औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायला माझ्याकडे येतात एवढाच माझा अधिकार. पण त्या चिठ्ठ्या वाचता वाचता माझे एक मत पक्के होत गेले आहे. वय वाढताना शरीरातले हार्मोन बदलतात ते निसर्गाने. मात्र आपल्या खेड्यांत त्या बदलातून जे दुखणे उभे राहते त्यातला मोठा भाग निसर्गाने दिलेला नाही. तो माणसांनी केलेला आहे, आणि म्हणूनच तो टाळता येण्यासारखा आहे.

‘हार्मोन’ हा शब्द १९०५ साली लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने प्रथम वापरला. एका ग्रंथीतून रक्तात उतरून दूरच्या अवयवाला कामाला लावणारे रसायन, असा त्याचा साधा अर्थ आहे. मात्र तारुण्य विकण्याचा धंदा या शब्दापेक्षा जुना आहे. १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामवंत शास्त्रज्ञाने कुत्रे आणि गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद परत आल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. पाण्यात काढलेल्या त्या अर्कात पुरुषी हार्मोन नावापुरतेही उतरले नसणार, हे पुढे स्पष्ट झाले. पण तोवर अर्काच्या कुप्या देशोदेशी खपल्या होत्या. आमच्या एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘खोई हुई ताकद’ मिळवून देणाऱ्याचा फोन नंबर रंगवलेला आहे, तो त्याच घराण्यातला.

‘संतुलन’ हा शब्दही जपून वापरला पाहिजे. तराजूचे पारडे एका रेषेत आणून ठेवावे तसे हार्मोन एका पातळीवर कधीच नसतात. कॉर्टिसोल पहाटे चढते आणि रात्री उतरते, इन्सुलिन प्रत्येक घासाबरोबर हलते, आणि स्त्रीच्या अंगातले इस्ट्रोजेन महिन्याच्या महिन्याला वर-खाली होत राहून चाळिशीच्या उत्तरार्धात कायमचे खाली येते. भारतात पाळी जाण्याचे सरासरी वय साधारण ४६-४७ आहे, म्हणजे पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षे आधी. हे खाली येणे हा बिघाड नव्हे. ते चूर्णाने थांबत नाही आणि थांबायलाही नको. प्रश्न आहे तो त्यानंतरच्या सुमारे तीस वर्षांचा.

इस्ट्रोजेन केवळ गर्भधारणेसाठी असते असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ते हाडांची झीज रोखून धरते, रक्तवाहिन्या लवचीक ठेवते, झोप आणि मनःस्थिती यांच्याशी त्याचा संबंध असतो, आणि लघवीच्या मार्गाची त्वचा ओली व मजबूत ठेवण्याचे कामही त्याचेच. म्हणून ते ओसरले की पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता झपाट्याने उतरते; काही स्त्रियांत ही घट वीस टक्क्यांपर्यंत जाते. अंगातून अचानक गरम वाफा निघतात, रात्री घामाने लुगडे भिजते, झोप मोडते. पुस्तकात या वाफांचे वर्णन मी वाचले होते; पण वैशाखात, पारा पंचेचाळिसाच्या वर असताना, पत्र्याच्या घरात झोपणारी शेजारीण जेव्हा म्हणाली, “मास्तरीणबाई, बाहीर इतकी आग, अन् माह्या अंगातून आनखी भपकारे निघतेत, आता मी जाऊ कुठं?”, तेव्हा मला त्याचा खरा अर्थ कळला. तिला मी काय उत्तर देणार? दवाखान्यात तिला सलाइन लावून परत पाठवले होते. उन्हाळ्यात घामाची तक्रार घेऊन येणाऱ्याला उन्हाचाच रोगी समजतात.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या भागात ‘गर्भाशय’ असे कोणी म्हणत नाही, ‘पिशवी’ म्हणतात, आणि पिशवी काढणे ही दाढ काढण्याइतकी सहज गोष्ट झाली आहे. कापसाचे पैसे हातात आले की, संक्रांतीनंतर, या शस्त्रक्रियांचा जणू हंगाम सुरू होतो. अंगावरून जास्त जाते, पांढरे जाते, कंबर दुखते, अशा तक्रारी घेऊन पस्तिशीची बाई तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या खासगी दवाखान्यात जाते, सोनोग्राफी होते, ‘पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जाते, आणि घरची माणसे, एकदाची कटकट मिटेल म्हणून, सही करतात. त्या सहीच्या कागदावर गर्भाशयासोबत दोन्ही बीजकोषही, म्हणजे इस्ट्रोजेन बनवणाऱ्या ग्रंथीच, काढले जाणार आहेत हे लिहिलेले असते किंवा नसते, वाचून दाखवलेले मात्र सहसा नसते.

माझ्या मावशीचे असेच झाले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी तिची पिशवी काढली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आंगणात घसरून मनगट मोडले, पुढच्या दहा वर्षांत पाठ वाकत गेली, आणि एकसष्टाव्या वर्षी न्हाणीत पडून खुब्याचे हाड मोडले ते मग तिला उठू देईना. ती अंथरुणाला खिळल्यावर तिच्या पेटीतला जुना डिस्चार्ज कागद मी पाहिला. बीजकोष दोन्ही बाजूंचे काढल्याची नोंद त्यावर होती, इंग्रजीत आणि संक्षेपाने. सत्तावीस वर्षे तो कागद घरात होता. चौतिसाव्या वर्षी बीजकोष काढणे म्हणजे निसर्ग जे बारा-तेरा वर्षांनी आणि सावकाश करणार होता ते एका सकाळी करून टाकणे. अशा बाईला हाडांचा ठिसूळपणा आणि हृदयविकार यांचा धोका अधिक असतो, म्हणून अन्य अडचण नसेल तर नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत, तिला बाहेरून हार्मोन द्यावेत असा वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य सल्ला आहे. मावशीला टाके काढायला बोलावले होते, त्यानंतर कोणीही बोलावले नाही. बीजकोष ठेवले तरी, गर्भाशय काढल्यानंतर ते काही वर्षे आधीच थकतात असे आढळले आहे. तेव्हा ‘आम्ही बीजकोष ठेवतो’ एवढ्यानेही डॉक्टरांची जबाबदारी संपत नाही.

ही एका घरातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशय काढण्याविषयी पहिल्यांदा देशभर विचारले गेले. १५ ते ४९ वयोगटातील सुमारे तीन टक्के स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली होती, तिचे मध्यक वय चौतीस होते, आणि सुमारे दोन तृतीयांश शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यांत झाल्या होत्या. निम्म्याहून अधिक स्त्रियांनी कारण सांगितले ते जास्त रक्तस्राव किंवा वेदना यांचे. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि गर्भाशय काढलेल्या तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची नोंद समोर आली. तिथे कारण उघड होते: पाळीचे चार दिवस कोयता थांबला तर मुकादम पैसे कापतो. आपल्याकडे विदर्भात मुकादम नाही, पण कापूस वेचणीचा भाव किलोवर असतो, आणि शेतात आडोसा नसतो. दिवसभर ओटी बांधून पऱ्हाटीत उभे राहणाऱ्या बाईला जास्त रक्तस्राव होत असेल तर ती मोकळी होण्याचा मार्ग शोधणारच. तिच्यापुढे शस्त्रक्रिया हा एकच मार्ग ठेवला गेला, यात दोष कोणाचा?

आणि मार्ग अनेक आहेत. रक्तस्राव कमी करणाऱ्या साध्या गोळ्या आहेत, प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आहेत, हार्मोन असलेली तांबी आहे. पांढरे जाण्याचे कारण अनेकदा जंतुसंसर्ग असते आणि ते औषधाने बरे होते. त्यासाठी शरीराचा अवयव काढण्याची गरज नसते. गडचिरोलीतले डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्याच विदर्भातल्या दोन खेड्यांचा आहे. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. या अभ्यासाने जगाला सांगितले की खेड्यातल्या बाईला बाळंतपणाखेरीजही शरीर असते. जगाने ते ऐकले; आम्ही मात्र त्या ९२ टक्क्यांच्या दारात उपकेंद्राऐवजी शस्त्रक्रियागृह नेऊन ठेवले. मध्ये जी पायरी हवी होती, म्हणजे तपासणी, औषध आणि थोडा धीर, ती गाळली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये, डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर निकाल देताना, अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने २०२२ मध्ये तयार केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असा आदेश दिला. मूळ याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या प्रकारांवरून दाखल झाली होती. माझा आग्रह असा की या तत्त्वांमधला देखरेखीचा भाग तालुक्यापर्यंत उतरला पाहिजे. चाळिशीच्या आतल्या प्रत्येक गर्भाशय शस्त्रक्रियेमागे दुसऱ्या डॉक्टरचे मत असावे, बीजकोष काढले की ठेवले हे मराठीत, ठळक अक्षरांत, बाईच्या हातात द्यावे, आणि ही माहिती गावच्या आशाताईपर्यंत पोचावी. खासगी डॉक्टरांना हा जाच वाटेल. आमच्या भागात प्रामाणिक डॉक्टर आहेत, त्यांच्यापुढे खरोखरच गाठी असलेल्या, कॅन्सरची शंका असलेल्या बाया येतात, आणि त्यांचे हात बांधले जाऊ नयेत हेही खरे. पण प्रामाणिक डॉक्टरला दुसऱ्याच्या मताची भीती वाटण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट पुड्यांची. सांधे धरले, कंबर धरली की आमच्याकडे लोक ‘गाठीवाल्या’ वैद्याकडे किंवा बिनपरवान्याच्या डॉक्टरकडे जातात. तो तीन रंगांच्या गोळ्या कुटून पुडी बांधतो किंवा एक सुई मारतो, आणि दुसऱ्या दिवशी म्हातारी धुऱ्यावरून चालत शेतात जाते. चमत्कार वाटावा असाच परिणाम असतो, कारण त्या पुडीत बहुतेक वेळा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड असते, आणि स्टेरॉइड हे हार्मोनच आहे. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज जे कॉर्टिसोल बनवतात त्याचाच हा बलवान भाऊ. तो बाहेरून महिनोन्‌महिने येत राहिला की ग्रंथी काम सोडून देतात. चेहरा गोल होतो, कातडी कागदासारखी पातळ होते, साखर वाढते, डोळ्यांत मोतीबिंदू लवकर उतरतो, आणि हाडे, जी पाळी गेल्यामुळे आधीच झिजत असतात, ती आतून पोखरली जातात. शिवाय पुडी एकाएकी बंद केली तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकते. ती डॉक्टरच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवावी लागते. ‘हार्मोन बिघडले’ हे विधान एखाद्या खेड्यातल्या म्हातारीच्या बाबतीत शब्दशः खरे असेल तर ते बहुधा या पुडीमुळे. बाजारातल्या भोंग्यावर हे कोणी सांगत नाही.

यातला दोष मी म्हाताऱ्या माणसांवर ठेवत नाही. सरकारी दवाखान्यात जायला दिवस मोडतो, आणि तिथे पॅरासिटामॉल मिळते. पुडीने आज चालता येते. ज्याला उद्याची मजुरी बुडवायची नाही तो वीस वर्षांनंतरच्या हाडांचा विचार करत नाही. पण स्टेरॉइड ही चिठ्ठीशिवाय विकायची औषधे नाहीत, आणि औषध निरीक्षक तालुक्याला वर्षातून किती वेळा येतो, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. मी विचारला होता. सभेत हसू पिकले, कारण प्रश्न विचारणारीच्या घरातही एकेकाळी ती पुडी येत होती. हे मी नाकारत नाही.

ड जीवनसत्त्वाची गोष्टही याच जातीची आहे. नावाने जीवनसत्त्व असले तरी कामाने ते हार्मोनच. उन्हामुळे कातडीत तयार होते, यकृत आणि मूत्रपिंडात पक्के होते आणि कॅल्शियम हाडांत पोचवते. आता सहा लाख युनिटची सुई ‘ताकदीची’ म्हणून सर्रास दिली जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या अभ्यासात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले गेले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाड मोडणे कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले. रोजचा थोडा डोस, ताक, तीळ, आणि पायांवर भार देणारी हालचाल हा मार्ग रटाळ आहे, पण तोच बरा.

थायरॉइडविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे वाद कमी आणि आळस जास्त आहे. थकवा, अंग सुजणे, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणे, केस गळणे ही लक्षणे ‘वय झालं’ या दोन शब्दांत गुंडाळली जातात. एका रक्त तपासणीने निदान होते, गोळी स्वस्त आहे, रिकाम्या पोटी घ्यायची असते, आणि ती बहुधा आयुष्यभर लागते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याची व्यवस्था राज्यात आहे. चाळिशीच्या पुढच्या, अशी लक्षणे असलेल्या बाईचा नमुना त्या डब्यात जात नाही, एवढेच. मधुमेहाचेही तसेच. इन्सुलिन हेही हार्मोन, आणि पाळी गेल्यावर पोटावर चरबी साठू लागते तशी त्याची धार बोथट होते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, प्रौढांपैकी ११.४ टक्के. हा शहरी लोकांचा आजार आहे असे समजून आम्ही खेड्यात पोतेभर साखर आणि रेशनचा तांदूळ यांवर जगत राहिलो.

पुरुषांबद्दल दोन वाक्ये पुरेत असे मला वाटत होते, पण भिंतीवरच्या जाहिराती पाहता ती अपुरी पडतील. पुरुषांत पाळी जाण्यासारखा एक टप्पा नसतो. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्का या सावकाश गतीने उतरते. फार खाली गेले असेल तर त्यामागे बहुधा वाढलेले पोट, मधुमेह किंवा दारू असते. त्यावर उपाय न करता टेस्टोस्टेरॉनची सुई ‘ताकदीची’ म्हणून घेणाऱ्या तरुणाच्या शुक्राणूंची निर्मिती थांबू शकते, कारण बाहेरून हार्मोन आले की आतली ग्रंथी झोपते. पुडीचीच गोष्ट पुन्हा.

या सगळ्यावर एक आक्षेप मला ऐकावा लागतो, आणि तो हलका नाही. ‘आमच्या आज्या नव्वदीपर्यंत जगल्या, त्यांना कोणी हार्मोन दिले होते? पाळी जाणे नैसर्गिक आहे, त्याचा आजार करून तुम्ही बाईला आणखी एका दवाखान्याच्या दारात उभी करता.’ नव्वदीपर्यंत जगलेली आजी आपल्याला आठवते, चाळिशीत गेलेल्या तिच्या जावा आठवत नाहीत, हे एक उत्तर झाले. पण आक्षेपातली भीती खरी आहे. अमेरिकेत पन्नास-साठ वर्षांपूर्वी ‘कायम तरुण राहा’ म्हणत पाळी गेलेल्या स्त्रियांना सरसकट हार्मोनच्या गोळ्या दिल्या जात होत्या. २००२ साली ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासातला सोळा हजारांहून अधिक स्त्रियांचा भाग मध्येच थांबवावा लागला, कारण दोन हार्मोनांच्या एकत्र गोळीने स्तनांचा कॅन्सर आणि पक्षाघात यांचा धोका वाढलेला दिसला. मग जग दुसऱ्या टोकाला गेले आणि गरज असलेल्या स्त्रियांनाही नाकारू लागले. पुढच्या छाननीत दिसले की त्या अभ्यासातल्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्याआधी, तीव्र त्रास असलेल्या स्त्रीला तपासून दिलेल्या औषधाचा हिशेब बराच वेगळा येतो. म्हणून मी खेड्यात सर्वांना हार्मोन वाटा असे म्हणत नाही. ज्यांचे बीजकोष तरुणपणी काढले गेले, ज्यांची झोप महिनोन्‌महिने मोडली आहे, त्यांना निदान हा पर्याय आहे हे कळावे, आणि स्तनाच्या गाठीचा किंवा रक्ताच्या गुठळीचा इतिहास असणाऱ्यांना तो नाही हेही कळावे. बाकीच्या बहुसंख्य बायांना औषधापेक्षा माहिती हवी आहे. त्यातली एक तर जीव वाचवणारी: पाळी पूर्ण बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा अंगावरून लाल गेले तर ते ‘पाळी परत आली’ नव्हे, तो कॅन्सरचाही इशारा असू शकतो, आणि त्याच आठवड्यात तपासणी हवी.

‘घरचेच खा’ म्हणणाऱ्यांशीही माझे भांडण नाही. जवसाची चटणी आपल्या ताटात आजीच्या काळापासून आहे, आणि जवस व सोयाबीन या दोहोंत इस्ट्रोजेनशी दूरचे साम्य असलेली द्रव्ये असतात. त्यांचा परिणाम सौम्य असतो, वाफा थोड्या कमी होतात किंवा होत नाहीत. तरी प्रथिनांसाठी म्हणून सोयाबीनला मोल आहेच. गंमत अशी की विदर्भ लाखो हेक्टरवर सोयाबीन पेरतो, तेल गाळायला कारखान्यात पाठवतो, ढेप जनावरांना आणि कोंबड्यांना जाते, आणि पिकवणारीच्या ताटात तूर महाग झाली म्हणून पातळ वरण असते. त्या गाडीवरच्या डब्यावर घटक म्हणून काय छापले आहे ते मी वाचले: पहिलेच नाव जवसाचे. बाराशे रुपयांत आमच्याकडे किती पायल्या जवस येतो याचा हिशेब वाचकांनीच करावा.

आता व्यवस्थेकडे. आमच्या उपकेंद्रात जननक्षम जोडप्यांची नोंदवही असते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या विवाहित स्त्रीचे नाव त्यात असते. तिची मुले किती, तांबी आहे की शस्त्रक्रिया झाली, सगळे लिहिलेले असते. राष्ट्रीय सर्वेक्षणातली स्त्रियांची प्रश्नावलीही याच वयोगटाची. पन्नाशी उलटली की नाव कमी होते. पासष्टीनंतर ती वृद्ध म्हणून, श्रावणबाळ योजनेच्या यादीत, पुन्हा सरकारला दिसू लागते. मधली पंधरा वर्षे, म्हणजे नेमकी तीच वर्षे ज्यात हाडे सर्वाधिक झिजतात, साखर आणि रक्तदाब वर चढतात, मन खाली जाते, ती कोणाच्याच वहीत नसते. विदर्भात या वर्षांना आणखी एक बाजू आहे. नवऱ्याने विष घेतल्यावर कर्ज, शेत आणि मुले एकटीने ओढणाऱ्या कितीतरी बाया याच वयात आहेत. त्यांची उडालेली झोप दुःखाची की हार्मोनची, हे त्यांना कोणी विचारत नाही; उत्तर बहुधा दोन्ही असे असते, आणि दोन्हींवर काही तरी करता येते.

उपकेंद्रांना आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ म्हणतात, तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतो, आणि तीस वर्षांवरील सर्वांची साखर, रक्तदाब, तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी करणे हे त्याचे नेमून दिलेले काम आहे. म्हणजे इमारत, माणूस आणि वही, तिन्ही आहेत. त्या तपासणीच्या कागदावर चार प्रश्न वाढवावेत: पाळी कधी गेली, पिशवी काढली का आणि बीजकोष आहेत का, सांधेदुखीची पुडी घेता का, गेल्या वर्षात हाड मोडले का. यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. आशाताईंवर कामाचा डोंगर आहे हे मला दिसते, त्यांच्या मानधनाची आंदोलनेही मी पाहिली आहेत. चार प्रश्नांचे काम वाढवायचे तर त्याचा मोबदला वाढवावा, हे त्यातच आले. ज्यांची उत्तरे धोक्याची येतील त्यांना पाठवायला सेवाग्रामचे रुग्णालय आहे, नागपूर, यवतमाळ, अकोला, चंद्रपूर आणि गोंदियाची शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथे आठवड्यातून एक दुपार पाळी गेलेल्या बायांसाठी राखून ठेवणे हे अधिष्ठात्यांच्या एका सहीचे काम आहे.

आमच्या गावच्या आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समितीकडे वर्षाला दहा हजारांचा खुला निधी येतो, आणि तो आजवर बहुतांशी ब्लीचिंग पावडर आणि फलकांवर खर्च झाला आहे. यंदा त्यातून चाळिशीच्या पुढच्या बायांचे एक शिबिर घ्यावे असा प्रस्ताव मी दिला आहे. समितीने तो मान्य केला आणि तारीख टाकली ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची. ती बदलून घ्यायला मी उद्या पुन्हा जाणार आहे. नोव्हेंबरात सगळ्या बाया वेचणीला असतात. वखरणी आटोपून मृगाची वाट पाहण्याचे मेचे शेवटचे दहा दिवसच काय ते त्यांच्या हातात मोकळे असतात, आणि तेव्हाही सकाळी नऊच्या आत.